कीस्टोन एक्सएल रद्द झाली, मग अल्बर्टाचं नेमकं काय गेलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीत तेलाच्या धंद्यात बरीच वर्षं काढली. कोणत्या कंपनीचं तेल कोणत्या नळीतून कोणत्या महिन्यात जाणार, याचं वेळापत्रक लावायचं माझं काम. त्यामुळे पुण्याहून, नाशिकहून फोन आला की एक प्रश्न हमखास येतो: "ती पाइपलाइन रद्द झाली ना, मग तुमच्याकडे काय झालं?" इथे नव्यानं आलेली मुलं विचारतात, अर्थशास्त्र शिकणारी भाची विचारते, नोकरीची ऑफर हातात असलेले तर फारच काळजीनं विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बॅरलचा भाव आणि त्यातला फरक अमेरिकन डॉलरमध्ये दिला आहे, कारण तेलाचा व्यवहार त्यातच होतो. बाकी सगळे डॉलर कॅनेडियन, वेगळं सांगितलं नसेल तर.

१. कीस्टोन एक्सएल म्हणजे नेमकी कोणती पाइपलाइन? कीस्टोन तर चालू आहे असं वाचलं.

दोन्ही बरोबर आहे. कीस्टोन ही पाइपलाइन २०१० पासून चालू आहे. अल्बर्टातल्या हार्डिस्टी गावाहून ती निघते, कॅनडातच पूर्वेला मॅनिटोबापर्यंत जाते, मग दक्षिणेला वळून अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात स्टील सिटीला पोचते. एक्सएल ही त्याच दोन गावांमधली तिरपी, जवळची आणि जास्त मोठी वाट होती. लांबी सुमारे १,९४७ किलोमीटर, नळीचा व्यास ३६ इंच, क्षमता रोज ८ लाख ३० हजार बॅरल. त्यातली थोडी जागा वाटेत मोंटानात अमेरिकन तेलासाठी राखलेली होती. स्टील सिटीच्या पुढे टेक्सासच्या किनाऱ्यापर्यंतची नळी २०१४ पर्यंत तयारही झाली होती. अडला तो मधला तुकडा.

२. ती कधी आणि कोणी रद्द केली?

सरहद्द ओलांडायची तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची परवानगी लागते, आणि सगळी कथा त्या एका कागदाभोवती फिरते. कॅलगरीच्या ट्रान्सकॅनडा कंपनीनं (२०१९ पासून टीसी एनर्जी) २००८ मध्ये प्रस्ताव मांडला. ओबामांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये तो नाकारला. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये परवानगी दिली, २०१८ च्या नोव्हेंबरात मोंटानातल्या संघीय न्यायालयानं पर्यावरणाचा अभ्यास अपुरा म्हणून काम थांबवलं, २०१९ मध्ये ट्रम्प यांनी नवा परवाना काढला. २० जानेवारी २०२१ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, बायडन यांनी तो रद्द केला. ९ जून २०२१ ला कंपनीनं प्रकल्प कायमचा बंद केल्याचं जाहीर केलं. तेरा वर्षं झाली होती.

३. तेल तर आधीही अमेरिकेला जातच होतं. मग आणखी एका नळीसाठी एवढा आटापिटा कशाला?

अल्बर्टाला समुद्र नाही. आपल्याकडे मुंबई हायचं तेल समुद्राखालच्या नळीनं उरणला येतं, आणि नाहीच जमलं तर जहाज आहे. अल्बर्टाच्या पश्चिमेला रॉकी पर्वत, पूर्वेला हजारो किलोमीटर मैदान. माल बाहेर काढायचा तर नळी किंवा रेल्वे, आणि बरीच वर्षं जवळपास सगळी निर्यात एकाच गिऱ्हाइकाकडे, अमेरिकेकडे.

त्यात मालही साधा नाही. इथलं बहुतेक तेल वाळूत मिसळलेलं बिट्युमेन आहे. थंडीत ते डांबराच्या गोळ्यासारखं घट्ट होतं. नळीतून वाहावं म्हणून त्यात पातळ द्रव मिसळावा लागतो, साधारण तीस टक्के. म्हणजे नळीत दहा बॅरलची जागा घेतली तर त्यातली तीन त्या पातळ द्रवाचीच.

तिसरी अडचण बाहेरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. बरंचसं बिट्युमेन खोल जमिनीत वाफ सोडून, वितळवून वर काढतात. नळ बंद करावा तशी ही विहीर बंद करता येत नाही. खालचा थर गार झाला की पुन्हा तापवायला महिने आणि पैसा लागतो. त्यामुळे भाव पडला तरी तेल येतच राहतं. लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. माल परत न्यायचं भाडं अंगावर पडणार, आणि हे समोरचा व्यापारी ओळखून असतो.

४. "भावातली तूट" म्हणजे काय? बातम्यांत सारखं येतं.

इथल्या जड तेलाचा भाव वेस्टर्न कॅनेडियन सिलेक्ट या नावानं लागतो, अमेरिकेच्या हलक्या तेलाचा वेस्ट टेक्सास इंटरमीजिएट या नावानं. दोन्हींतला फरक म्हणजे तूट. तिचे तीन थर आहेत आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर हिशोब चुकतोच.

पहिला थर दर्जाचा. इथलं तेल जड आणि गंधकयुक्त, शुद्ध करायला जास्त खर्च. दुसरा थर वाहतुकीचा, नळीचं भाडं. हे दोन्ही कायमचे आहेत. कितीही पाइपलाइन टाकल्या तरी मिळून दहा डॉलरच्या पुढेमागे राहणारच. तिसरा थर अडकलेल्या मालाचा. नळीत मावत नाही इतकं तेल झालं की शेवटचं बॅरल रेल्वेनं जातं किंवा टाकीत पडून राहतं, आणि त्या शेवटच्या बॅरलला जो भाव मिळेल तोच बाजारात सगळ्यांना लागतो. पाइपलाइन रद्द होण्याचा संबंध फक्त या तिसऱ्या थराशी आहे.

२०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हा थर इतका फुगला की एकूण तूट चाळीस डॉलरच्या पार गेली. तेव्हा मी वेळापत्रकावरच होते. दर महिन्याला प्रत्येक कंपनी "आमचे इतके बॅरल न्या" म्हणून नोंदवते. मागणी क्षमतेपेक्षा जास्त झाली की पाइपलाइनवाले सगळ्यांना सारख्या प्रमाणात कात्री लावतात. कात्री लागणार हे ठाऊक असल्यानं कंपन्या नसलेलं तेलही नोंदवायच्या, शंभर हवे असले तर दीडशे लिहायचे. अशा नोंदींना आम्ही "हवेतले बॅरल" म्हणायचो. पडद्यावर आकडे फुगत जायचे, कात्री आणखी मोठी व्हायची, आणि खरं तेल असलेल्या छोट्या कंपनीच्या वाट्याला तिच्या निम्म्या मालापुरतीच जागा यायची. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं, हे विचारणारे फोन आजही कानात आहेत.

५. "रोज ८ कोटी डॉलरचं नुकसान" हा आकडा खरा होता का?

२०१८ च्या शेवटी तेव्हाच्या प्रीमियर (आपल्याकडच्या मुख्यमंत्री म्हणा) रेचल नॉटली यांनी तो मांडला होता. राजकीय गरज समजू शकते, पण तो जसाच्या तसा वापरू नका. तूट गुणिले सगळं उत्पादन असा हिशोब केला की मोठा आकडा येतो. प्रत्यक्षात मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या रिफायनऱ्या आहेत, काही अमेरिकेतही. त्यांना एका खिशात जे कमी मिळालं ते दुसऱ्या खिशात जास्त मिळालं. शिवाय तुटीचे पहिले दोन थर (प्रश्न ४) नुकसानात धरताच येत नाहीत.

मग नुकसान कोणाचं झालं? रिफायनरी नसलेल्या उत्पादकांचं आणि प्रांताच्या तिजोरीचं. तिजोरीला ती पळवाट नव्हती, म्हणून मला तिचं नुकसान सगळ्यात खरं वाटतं. त्याचा तपशील प्रश्न १० मध्ये.

६. सरकारनं स्वतःच तेल कमी काढायला लावलं, हे खरं?

खरं. २ डिसेंबर २०१८ ला घोषणा झाली आणि जानेवारी २०१९ पासून रोज ३ लाख २५ हजार बॅरलची कपात लागू झाली. छोट्या उत्पादकांना सूट होती. काही आठवड्यांतच तूट दहा डॉलरच्या आसपास आली. मासिक मर्यादा पुढे दोन वर्षं, डिसेंबर २०२० पर्यंत चालल्या. स्वतःच्या रिफायनऱ्या असलेल्यांनी कडाडून विरोध केला, कारण स्वस्त कच्चं तेल त्यांच्या फायद्याचं होतं. मुक्त बाजाराचं नाव घेऊन मतं मागणाऱ्या प्रांतात सगळ्या मुख्य पक्षांनी या कपातीला मान डोलावली, यावरून परिस्थिती काय होती ते कळेल.

७. पाइपलाइन नाही तर रेल्वेनं का नेत नाहीत?

नेतात. फेब्रुवारी २०२० मध्ये रेल्वेनं रोज ४ लाख बॅरलहून जास्त निर्यात झाली, तो विक्रम आहे. पण खर्च नळीच्या साधारण दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. एका टाकी-डब्यात सहाशे-सातशे बॅरल मावतात, शंभर डब्यांची गाडी धरा, तर एक्सएलइतकं तेल न्यायला रोज बारा-तेरा भरलेल्या गाड्या लागतील, आणि तितक्याच रिकाम्या परत येणार. त्याच रुळांवरून प्रेअरीतला, म्हणजे इथल्या मैदानी पट्ट्यातला, गहूही जातो.

नॉटली सरकारनं फेब्रुवारी २०१९ मध्ये ४,४०० डबे भाड्यानं घ्यायची ३७० कोटी डॉलरची योजना आणली. नंतर आलेल्या जेसन केनी सरकारनं ती मोडीत काढली आणि त्यातही सरकारी पैसा बुडाला.

धोक्याचं विसरू नका. ६ जुलै २०१३ ला क्विबेकमधल्या लाक-मेगांतिक गावात तेलाची रेल्वे उलटून पेटली आणि ४७ माणसं गेली. ते तेल अल्बर्टाचं नव्हतं, नॉर्थ डकोटाचं होतं. पण ती रात्र या वादातून कोणालाच वगळता येत नाही. पाइपलाइनही फुटतात. चालू कीस्टोनच डिसेंबर २०२२ मध्ये कॅन्ससमध्ये फुटली आणि सुमारे १३ हजार बॅरल ओढ्यात गेलं.

८. किती नोकऱ्या गेल्या? कुणी हजार म्हणतं, कुणी चाळीस हजार.

दोन्ही आकड्यांना आधार आहे, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. परवाना रद्द झाल्यावर लगेच हजाराहून अधिक लोकांना कामावरून कमी केलं, त्यात बहुतेक युनियनचे बांधकाम कामगार. सुमारे ४२ हजार हा आकडा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या २०१४ च्या अहवालातला. तो बांधकामाच्या दोन वर्षांपुरता आहे, अमेरिकेतला आहे, आणि त्यात वेल्डरपासून त्या वेल्डरला जेवण वाढणाऱ्या हॉटेलापर्यंत सगळे धरले आहेत. त्याच अहवालात पाइपलाइन चालू झाल्यावरच्या कायम नोकऱ्या किती होत्या? पन्नासच्या आसपास.

माझं मत सांगते. पाइपलाइनचं मोल नोकऱ्यांत मोजणं हीच चूक आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी झाली. समर्थकांनी बांधकामाचे आकडे फुगवले, विरोधकांनी "फक्त पन्नास" म्हणून खिल्ली उडवली. धरणाचा उपयोग धरणावरच्या चौकीदारांच्या संख्येवरून कोणी ठरवतं का? पण याचा अर्थ गेलेल्या हजार नोकऱ्या किरकोळ होत्या असा नाही. पुढचा प्रश्न त्यासाठीच.

९. बांधकाम चालू असलेल्या गावांचं काय झालं?

ओयेनचं उदाहरण घ्या. कॅलगरीच्या पूर्वेला तीनेकशे किलोमीटरवर, सपाट गव्हाच्या प्रदेशात, हजारभर वस्तीचं गाव. कॅनडाच्या बाजूला सुमारे दीडशे किलोमीटर नळी टाकून झाली होती, ती याच भागात.

२०२० च्या शरदात मी तिथून गेले तेव्हा मोटेलवर "जागा नाही"ची पाटी होती. कोविडनं बाकी सगळीकडे शुकशुकाट असताना इथल्या पेट्रोल पंपावर पहाटे साडेपाचला पिकअप ट्रकांची रांग, किराणा दुकानात पावाची फळी सकाळीच रिकामी. गावाबाहेर हिरवट लेपाचे लांबलचक पाइप लाकडी ठोकळ्यांवर ओळीनं रचलेले. चहा घेतला तिथल्या बाईंनी सांगितलं, की मागच्या दोन खोल्या भाड्यानं देता याव्यात म्हणून कर्ज काढून दुरुस्त केल्या, आणि दोन वर्षं काम आहे म्हणतात.

जानेवारीत काम थांबलं. कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. मोठ्या कंपनीला तोटा हिशोबात दाखवून पुढे जाता येतं, टीसी एनर्जीनं करानंतरचा २२० कोटी डॉलरचा तोटा त्या तिमाहीत दाखवला. दोन खोल्या रंगवून बसलेल्या माणसाला तो रकाना नसतो. अशा गावांचं नुकसान प्रांताच्या आकडेवारीत दिसतही नाही, इतकं ते लहान आहे. आणि सगळ्यात कमी भरून निघालं तेही तेच.

१०. रॉयल्टी कशी ठरते? तूट वाढली की सरकारचं काय जातं?

जमिनीखालचं बहुतेक तेल प्रांताच्या मालकीचं आहे. कंपनी काढते आणि प्रांताला रॉयल्टी देते. तेलवाळूच्या प्रकल्पात सुरुवातीचा भांडवली खर्च वसूल होईपर्यंत एकूण उत्पन्नाच्या १ ते ९ टक्के, वसूल झाल्यावर निव्वळ उत्पन्नाच्या २५ ते ४० टक्के. टक्का तेलाच्या भावाबरोबर चढतो. म्हणजे भाव पडला की दुहेरी मार: रक्कम कमी आणि टक्काही कमी.

अलीकडच्या अर्थसंकल्पांत सरकारच सांगतं, की तूट वर्षभर सरासरी एक डॉलरनं वाढली तर साठ-सत्तर कोटी डॉलरच्या घरात महसूल जातो. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा खर्च तेलाच्या या रकमेवर बराच टेकलेला आहे, म्हणून तूट ही फक्त तेलवाल्यांची गोष्ट राहत नाही. शिक्षिका असलेल्या माझ्या शेजारणीला तूट किती आहे हे मला विचारावं लागत नाही, तिला ते वर्गातल्या मुलांच्या संख्येवरून कळतं.

११. सरकारनं या पाइपलाइनमध्ये पैसे घातले होते ना? ते बुडाले?

हो, सुमारे १३० कोटी डॉलर. तेव्हाच्या ४४ लाख लोकसंख्येनं भागलं तर माणशी तीनशे डॉलर, तान्ह्या बाळासकट.

३१ मार्च २०२० ला केनी सरकारनं १५० कोटी डॉलरचं भागभांडवल आणि पुढे ६०० कोटींच्या कर्जाची हमी जाहीर केली. खाजगी पैसा पुढे येत नव्हता म्हणून. त्या वेळी डेमोक्रॅटिक पक्षाचे इच्छुक उमेदवार या प्रकल्पाच्या विरोधात होते आणि सात महिन्यांवर निवडणूक होती. बायडन यांनी मे महिन्यात परवाना रद्द करण्याचं स्पष्ट सांगितलंही. एका देशाच्या निवडणुकीवर दुसऱ्या देशातल्या करदात्यांचा पैसा लावला गेला. मी पाइपलाइनच्या बाजूची आहे, तरी हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. परवानगी नाकारणं हा अमेरिकेचा निर्णय होता. हे १३० कोटी मात्र इथल्याच लोकांनी इथेच घालवले.

१२. कंपनीनं भरपाई मागितली होती. मिळाली का?

नाही. टीसी एनर्जीनं जुन्या नाफ्टा (अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांच्यातल्या व्यापार) कराराच्या आधारे अमेरिकेकडे १,५०० कोटी अमेरिकन डॉलर मागितले. परवाना रद्द झाला तेव्हा नाफ्टा संपून नवा करार लागू झालेला होता, या मुद्द्यावर लवादानं जुलै २०२४ मध्ये आपल्याला अधिकारच नाही म्हणून दावा फेटाळला. निर्णय योग्य होता की नाही, तिथपर्यंत प्रकरण गेलंच नाही.

१३. रद्द झाल्यावर लगेच अल्बर्टाला विक्रमी उत्पन्न झालं. मग नुकसान कुठे आहे?

सगळ्यात जास्त वेळा आलेला आणि सगळ्यात चांगला प्रश्न हाच. आकडे खरोखर चक्रावणारे आहेत. नैसर्गिक संपत्तीपासूनचं प्रांताचं उत्पन्न २०२०-२१ मध्ये सुमारे ३१० कोटी डॉलर होतं, २०२२-२३ मध्ये २,५२० कोटी. पाइपलाइन मधल्या काळात रद्द झाली. म्हणजे रद्द झाल्याचा फायदा झाला का?

फरक पडला तो जगाच्या भावामुळे. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे अमेरिकन तेलाचा वायदा भाव चक्क शून्याखाली गेला होता. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर तो शंभर डॉलरच्या वर गेला. एवढी मोठी लाट आली की पाइपलाइनचा परिणाम तिच्याखाली झाकला जातो. तो पाहायचा तर जगाचा भाव बाजूला काढून तूट बघायची. २०२२ च्या शेवटी तूट पुन्हा तीस डॉलरच्या आसपास गेली. सगळा दोष एक्सएल नसण्याचा नव्हता, अमेरिकेनं राखीव साठ्यातलं तेल बाजारात आणलं होतं आणि काही रिफायनऱ्याही बंद होत्या. पण माल दुसरीकडे वळवायला जागा असती तर तूट इतकी ताणली गेली नसती, हे या धंद्यातला कोणीही सांगेल.

मी असं मांडेन: चांगल्या वर्षात पाइपलाइन नसल्याचं जाणवत नाही, कारण पिशवी तशीही भरते. वाईट वर्षात मात्र जगाचा भाव पडलेला असतो आणि त्याच पडलेल्या भावातून तूटही वजा होते. २०१८ मध्ये तेच झालं.

१४. कॅलगरीतली ऑफिसं रिकामी पडली ती यामुळेच ना?

मुख्यतः नाही. २०१४ मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला तीसच्या खाली आलं, घसरण तिथून सुरू झाली. २०१६ च्या शेवटी कॅलगरीतली बेरोजगारी दहा टक्क्यांवर होती. २०१७ मध्ये शेल, कोनोकोफिलिप्स यांनी तेलवाळूतला बहुतेक वाटा इथल्या कंपन्यांना विकला, मग एकत्रीकरण झालं, आणि दोन कंपन्यांच्या एका कंपनीला दोन हिशोब विभाग लागत नाहीत. २०२१-२२ मध्ये डाउनटाउनमधली तीस टक्क्यांहून जास्त ऑफिस-जागा रिकामी होती.

इथे इमारती जोडणारे काचेचे पूल आहेत, जमिनीपासून पंधरा फुटांवर म्हणून नाव "प्लस फिफ्टीन". उणे पंचवीसमध्ये सगळं शहर त्यांतून चालतं. २०१४ मध्ये दुपारी बाराला तिथून वाट काढावी लागायची. नंतर आधी बूट पॉलिशची खुर्ची गेली, मग फुलवाली, मग सूपचं दुकान. दर महिन्याला एखादं शटर खाली. त्या रिकामेपणात एक्सएलचा वाटा आहे, पण तो "आता इथे नवं काही होणार नाही" या भावनेतून आलेला आहे, थेट नाही.

१५. फक्त एकच पाइपलाइन रद्द झाली का?

तीन. नॉर्दर्न गेटवे (पश्चिम किनाऱ्यावरच्या किटिमॅटला, रोज सव्वापाच लाख बॅरल) नोव्हेंबर २०१६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांच्या सरकारनं नाकारली. एनर्जी ईस्ट (पूर्वेला न्यू ब्रन्सविकपर्यंत, रोज ११ लाख) ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीनंच सोडली. तिसरी एक्सएल. म्हणून इथला माणूस एक्सएलबद्दल बोलतो तेव्हा त्याचा राग फक्त वॉशिंग्टनवर नसतो, ओटावावरही, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारवरही असतो. ऑक्टोबर २०२१ च्या सार्वमतात अल्बर्टातल्या सुमारे ६२ टक्के मतदारांनी केंद्राकडून होणारी प्रांतांमधली पैशांची फेरवाटणी राज्यघटनेतून काढा असा कौल दिला. घटना बदलली नाही, राग मात्र नोंदला गेला.

१६. तिथले मूळ रहिवासी तर विरोधात होते ना?

अमेरिकेतल्या मोंटाना आणि साउथ डकोटातल्या जमाती न्यायालयात गेल्या होत्या. पाण्याचा आणि करारांच्या हक्काचा त्यांचा मुद्दा ठोस होता. त्याच वेळी अल्बर्टा आणि सस्कॅचेवानमधल्या पाच फर्स्ट नेशन्सनी (मूळ रहिवाशांच्या समुदायांनी) नॅचरल लॉ एनर्जी या संस्थेमार्फत प्रकल्पात १०० कोटी डॉलरपर्यंत भागीदारी घ्यायचा करार २०२० मध्ये केला होता. नळी जमिनीतून जाणारच असेल तर मालकी हवी, अशी त्यांची भूमिका. तो वाटा गेला. "मूळ रहिवाशांचं मत" असं एकवचनी काही नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

१७. ट्रान्स माउंटन सुरू झाली. आता प्रश्न सुटला?

बराचसा, आणि फार महागात. अल्बर्टाहून पश्चिम किनाऱ्याला जाणारी ही पाइपलाइन केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ४५० कोटी डॉलरला विकत घेतली. विस्ताराचा खर्च सुरुवातीच्या अंदाजात ५४० कोटी होता, शेवटी सुमारे ३,४०० कोटी झाला. १ मे २०२४ ला ती चालू झाली आणि क्षमता तीन लाखांवरून रोज ८ लाख ९० हजार बॅरलवर गेली. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये एनब्रिज कंपनीची अल्बर्टाहून अमेरिकेला जाणारी, नव्यानं टाकलेली लाइन ३ चालू झाली होती, तिनंही बरीच जागा दिली. २०२५ मध्ये तूट बहुतांशी पंधरा डॉलरच्या आत राहिली.

खरी गोष्ट क्षमतेपेक्षा मोठी आहे: तेल आता प्रशांत महासागराला लागलं. २०२४ च्या उन्हाळ्यातच रिलायन्सनं जामनगरसाठी २० लाख बॅरल घेतल्याची बातमी आली, तेव्हा आईचा फोन आला होता, "तुमचं तेल इकडे आलं म्हणे." दुसरं गिऱ्हाईक दारात उभं असलं की पहिलं गिऱ्हाईक नीट बोलतं.

१८. एक्सएल रद्द झाल्यामुळे अमेरिकेत पेट्रोल महागलं का?

नाही. ती बांधूनच झाली नव्हती, त्यामुळे बाजारातून एकही बॅरल कमी झालं नाही. उलट २०२४ मध्ये कॅनडातून अमेरिकेला रोज चाळीस लाख बॅरलच्या आसपास तेल गेलं, तोवरचं सर्वाधिक.

१९. हे म्हणजे आपल्या नाणारसारखंच झालं ना?

वरवर सारखं दिसतं, पण हिशोब वेगळा. राजापूर तालुक्यातली नाणारची रिफायनरी (२०१९ मध्ये अधिसूचना रद्द) बाहेरून येणाऱ्या तेलावर चालणार होती. ती न झाल्यानं कोकणातली होणारी गुंतवणूक गेली, पण हापूस-काजूचा भाव त्यामुळे पडला नाही. अल्बर्टात माल आधीच निघत होता आणि नवी वाट न झाल्यानं त्याच मालाचा भाव पडला. विरोध करणाऱ्या गावांची बाजू दोन्हीकडे ऐकण्यासारखी आहे, फक्त एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

२०. ती पुन्हा होऊ शकते का?

ट्रम्प यांनी २०२५ मध्ये ती व्हावी असं पुन्हा बोलून दाखवलं. पण अडचणी कागदाच्या पलीकडच्या आहेत. टीसी एनर्जीनं तेलाच्या पाइपलाइनचा धंदाच २०२४ मध्ये साउथ बो या वेगळ्या कंपनीकडे दिला. अमेरिकेतले अनेक परवाने आणि जमिनीचे हक्क नव्यानं मिळवावे लागतील. आणि चार वर्षांनी दुसरा राष्ट्राध्यक्ष येऊन पुन्हा सही फिरवणार नाही याची हमी कोण देणार? धनकोंना हाच प्रश्न पडतो.

२१. मुलाला कॅलगरीत तेलकंपनीची ऑफर आहे. घ्यावी का?

कंपनीचं नाव बघून ठरवू नका, काम कोणतं आहे ते बघा. चालू विहिरी, चालू नळ्या, देखभाल, वेळापत्रक यातली कामं वाईट वर्षातही बरीचशी टिकतात. "अमुक प्रकल्पासाठी" असं ऑफरमध्ये लिहिलं असेल तर तीन गोष्टी विचारायला लावा: सगळे परवाने हातात आहेत का, पैसा कोणाचा आहे, आणि प्रकल्प थांबला तर दुसरीकडे सामावून घेणार का. २०२१ च्या जानेवारीत माझ्या ओळखीतल्या ज्या दोन मराठी मुलांची नोकरी गेली, त्यांच्या ऑफरमध्ये प्रकल्पाचं नाव होतं. एक आता एडमंटनला वीजकंपनीत आहे, दुसरा दीड वर्ष थांबला आणि परत नाशिकला गेला. आणि पहिल्या वर्षी घर घेऊ नका; भाड्यानं राहा, चांगली थंडीची जॅकेटं घ्या, मग बघा.